व्हिडिओ गेममधील स्त्री: कर्मपदापासून कर्तेपदाकडे

व्हिडिओ गेम ही क्रियापदांवर उभी असलेली कला आहे. कादंबरीचा वाचक आणि चित्रपटाचा प्रेक्षक घडलेले पाहतो. गेममध्ये मात्र खेळणाऱ्याने बटण दाबल्याशिवाय पान हलत नाही. पळणे, चढणे, नेम धरणे, शोधणे, पेरणे, बांधणे ही या कलेची मूळ सामग्री. म्हणून गेममधल्या स्त्रीचे चित्रण तपासताना ती पडद्यावर किती वेळ दिसते, तिच्या अंगावर कपडे किती, एवढेच मोजून भागत नाही. क्रिया कोण करते आणि ती कोणावर होते, हे पाहावे लागते. या कसोटीवर पहिली दोन दशके तरी उत्तर बहुतेक एकच मिळते: पुरुष कर्ता, स्त्री कर्म.

1981 साली निन्टेन्डोचा ‘डाँकी काँग’ आला. शिगेरू मियामोतो यांच्या या गेममध्ये एक गोरिला तरुणीला पळवून लोखंडी तुळयांच्या माथ्यावर नेऊन ठेवतो आणि खालचा सुतार गडगडत येणारी पिंपे चुकवत शिड्या चढतो. सुतार पुढे मारिओ म्हणून जगभर गाजला. तरुणीला मात्र आरंभी नावही नव्हते; ती नुसती ‘लेडी’ होती, पॉलीन हे नाव तिला नंतर मिळाले. तिचे काम वर उभे राहून मदतीसाठी हाका मारण्याचे. 1985 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये तिच्या जागी राजकन्या आली, जागा तीच राहिली. त्या काळी यंत्राची स्मृती तुटपुंजी होती, गोष्ट सांगायला सवड नव्हती. पळवून नेलेली स्त्री दाखवली की काय करायचे ते खेळणाऱ्याला क्षणात कळे. ज्या देशात सीताहरण घराघरांत ठाऊक आहे, तिथे हे वेगळे समजावून सांगायला नको. पण अशोकवनातली सीता रावणाला नाकारते, हनुमंताशी बोलते, तिची स्वतःची भूमिका असते. गेममधल्या राजकन्येला तेवढेही दिले गेले नाही.

त्याच सुमारास एक दृश्य संकेत रूढ झाला. 1980 चा ‘पॅकमॅन’ बनवताना तोरू इवातानी यांना स्त्रियांनीही खेळायला यावे असे वाटत होते. नुसते तोंड असलेला तो पिवळा गोळा स्त्री की पुरुष, हे ठरवण्याची गरजच नव्हती. 1982 मध्ये अमेरिकेत ‘मिस पॅकमॅन’ आली आणि त्याच गोळ्याला केसांतली फीत, लिपस्टिक आणि गालावर तीळ मिळाला. साधा गोळा म्हणजे पुरुष आणि नटवलेला गोळा म्हणजे स्त्री, हा समज पुढे असंख्य पात्रांच्या रेखाटनात मुरला.

1986 चा ‘मेट्रॉइड’ हा याहून गुंतागुंतीचा नमुना. चिलखतातला अवकाशयोद्धा सॅमस अॅरन शेवटी शिरस्त्राण उतरवतो आणि ती स्त्री असल्याचे उघड होते. इतका वेळ पराक्रम गाजवत होती ती स्त्रीच होती, हे कळण्याचा तो क्षण फार मोलाचा होता. मात्र गेम जितक्या कमी वेळात संपवावा तितके तिचे कपडे कमी होत, अशी योजना त्यात होती. कर्तेपद देता देताच तिला बक्षीस करून टाकले गेले.

हे क्षेत्र मुळातच पुरुषांचे होते, म्हणून असे घडले, हा युक्तिवाद टिकणारा नाही. रॉबर्टा विल्यम्स यांनी 1980 मध्ये ‘मिस्टरी हाउस’ रचला आणि चित्रांसह चालणाऱ्या साहसकथांच्या गेमची वाट मोकळी केली. कॅरल शॉ यांचा 1982 चा ‘रिव्हर रेड’ अटारीच्या यंत्रावरचा अतिशय गाजलेला गेम. विल्यम्स यांच्याच 1988 च्या ‘किंग्ज क्वेस्ट 4’मध्ये राजकन्या रोझेला आजारी बापासाठी औषधी फळ आणायला स्वतः निघते. म्हणजे नायिका सुचत नव्हती असे नाही. कारण बाजारात होते. 1983 मध्ये अमेरिकेतला गेमचा बाजार कोसळला. त्यानंतर कन्सोल विकले गेले ते खेळणी म्हणून, आणि खेळण्यांच्या दुकानात मुलांची रांग वेगळी, मुलींची वेगळी. गेम मुलांच्या रांगेत गेले. 1989 च्या हातात धरायच्या यंत्राचे नावच ‘गेम बॉय’. जाहिराती मुलांसाठी झाल्या, मुलगे खेळू लागले, आणि खेळतात ते मुलगेच असा पुरावा दाखवून पुढचे गेम त्यांच्यासाठीच बनले. मुलींसाठी 1990 च्या दशकात वेगळे गुलाबी गेम निघाले. 1996 चा ‘बार्बी फॅशन डिझायनर’ भरपूर खपला, पण त्याने रांगा मोडल्या नाहीत.

त्याच 1996 साली इंग्लंडमधल्या डर्बी शहरातील कोअर डिझाइन या कंपनीचा ‘टूम रेडर’ आला. लारा क्रॉफ्टचे मूळ रेखाटन टोबी गार्ड यांचे. खेळताना तिच्यासोबतचा काळ विलक्षण एकांताचा असतो. ओस गुहा, पावलांचा आवाज, उडीचे अंतर मनाशी मोजणे, दगडी यंत्रणेचे कोडे उलगडणे. इथे स्त्री पूर्ण अर्थाने कर्ता आहे, आणि कोट्यवधी पुरुषांनी ते कर्तेपण आनंदाने स्वतःचे मानले. जाहिरातींतली लारा मात्र दुसरीच होती. तिथे तिच्या अशक्य बांध्याचे प्रदर्शन होते. लाराच्या वेशात वावरण्यासाठी मॉडेल नेमल्या जात. गार्ड 1997 मध्ये कंपनी सोडून गेले. लाराची जी प्रतिमा विकली जात होती ती त्यांना रुचली नव्हती.

2013 मध्ये नवी लारा आली. लेखन प्रामुख्याने रिआना प्रॅचेट यांचे, शरीर माणसासारखे, मन घाबरणारे आणि सावरणारे. पण प्रकाशनाआधी गेमच्या कार्यकारी निर्मात्याने सांगितले होते की खेळणाऱ्याला तिचे रक्षण करावेसे वाटेल. गेममध्ये तिच्या मरणाची दृश्ये कमालीच्या क्रौर्याने दाखवली आहेत. पुरुष नायक घेतला की खेळणारा तो नायक होतो. नायिका घेतली की तो तिचा पालक होतो, ही कल्पना त्या विधानात दडलेली होती. तोकड्या कपड्यांपेक्षा ती अधिक खोल रुजलेली आहे.

मोठ्या शहरांच्या गेममध्ये स्त्री बराच काळ रस्त्यावरच्या सामानासारखी राहिली. 2001 च्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 3’मध्ये वेश्येला पैसे देता येतात आणि मग तिला मारून ते परत घेता येतात. गेम तसे करायला सांगत नाही, असा बचाव होतो. पण जे करता येते ते कोणीतरी रचलेले असते. ती क्रिया लिहिली गेली, तपासली गेली आणि विकली गेली.

2014 मध्ये ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’च्या चारही खेळाडूंना पुरुषपात्रेच का, या प्रश्नावर उबिसॉफ्टकडून उत्तर आले की स्त्रीपात्रासाठी हालचालींचे काम दुप्पट होते. त्याच मालिकेवर पूर्वी काम केलेल्या एका अॅनिमेटरने ते काम एक-दोन दिवसांचे असल्याचे जाहीरपणे सांगितले. याच मालिकेतल्या 2018 च्या ‘ओडिसी’त कॅसांड्रा ही एकटीच नायिका असणार होती, पण स्त्री खपत नाही या समजापायी शेजारी पुरुष उभा केला गेला, अशा बातम्या 2020 मध्ये आल्या.

या चित्रणावर बोलणाऱ्या स्त्रियांना मोठी किंमत मोजावी लागली. अनिता सार्कीशियन यांनी 2012 मध्ये गेममधल्या स्त्रीविषयक साच्यांवर चित्रफिती करण्यासाठी 6,000 डॉलर मागितले. दीड लाखांहून अधिक जमले, आणि त्याचबरोबर शिव्या व धमक्यांचा मारा सुरू झाला. 2014 मध्ये ‘गेमरगेट’ नावाने ओळखली जाणारी छळाची लाट उसळली आणि काही स्त्रियांना घर सोडून राहावे लागले. त्या ऑक्टोबरमध्ये युटा राज्यातील विद्यापीठात सार्कीशियन यांचे व्याख्यान गोळीबाराच्या धमकीमुळे रद्द झाले. गेमचे समीक्षण ही साहित्य किंवा चित्रपटाच्या समीक्षणासारखीच गोष्ट आहे. तिला बंदुकीने उत्तर देण्याची भाषा व्हावी, हा या कलेच्या इतिहासातला सर्वांत लाजिरवाणा भाग होय. कंपन्यांच्या आतले वास्तवही पुढे बाहेर आले. रायट गेम्सने लिंगभेदाच्या दाव्यात 2021 मध्ये 10 कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. उबिसॉफ्टच्या तीन माजी अधिकाऱ्यांना 2025 मध्ये फ्रान्समधील न्यायालयाने छळाच्या प्रकरणात दोषी ठरवले.

तरीही गेल्या दशकातले चांगले काम दुर्लक्षून चालणार नाही. 2017 या एकाच वर्षात ‘होरायझन झिरो डॉन’मधली एलॉय आणि ‘हेलब्लेड’मधली मनोविकाराशी झुंजणारी सेनुआ आल्या. त्याच वर्षीच्या ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’त भारतीय बापाची मुलगी क्लोई आणि तिची साथीदार नदीन पश्चिम घाटात होयसळांच्या खुणा शोधतात, दोघींची मैत्री, भांडण आणि हिशेब हाच कथेचा कणा आहे. या सर्व नायिका समर्थ आहेत, पण त्यांना मिळालेली क्रियापदे बहुतांशी जुनीच: मारणे, लपणे, चढणे. 2023 चा छोटासा ‘वेन्बा’ त्या दृष्टीने मोलाचा. कॅनडात स्थायिक झालेली तमिळ आई आपल्या आईच्या पाककृतींच्या फाटक्या वहीवरून इडली करते. खेळणाऱ्याने पुसलेल्या ओळी ओळखून भांडी रचायची. 2024 च्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा: एकोज ऑफ विज्डम’मध्ये 1986 पासून मालिकेला नाव देणारी राजकन्या मुख्य मालिकेत प्रथमच नायिका झाली. दिग्दर्शकांत तोमोमी सानो ही या मालिकेची पहिली स्त्री दिग्दर्शक होती. ही झेल्डा मुख्यतः तलवारीवर विसंबत नाही. पाहिलेल्या वस्तूंच्या प्रतिकृती उभ्या करते, पलंगांचा पूल बांधून पलीकडे जाते.

भारतीय स्त्रीप्रतिमांचे या कलेत काय होते, याची दोन टोके समोर ठेवता येतात. अमेरिकी ‘स्माइट’ या देवदेवतांच्या लढाईच्या गेममध्ये कालीमातेला तोकड्या वस्त्रांतले मोहक पात्र केले गेले आणि 2012 मध्ये त्यावर हिंदू संघटनेने जाहीर आक्षेप घेतला. दुसरे टोक पुण्याचे. नॉडिंग हेड्स गेम्स या तिथल्या छोट्या चमूने 2020 मध्ये ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ प्रकाशित केला. पहाडी चित्रशैलीची रंगसंगती, छायाबाहुल्यांतून उलगडणारी कथा आणि निवेदन करणारी दुर्गा. देवीचा त्रिशूळ इथे सर्कशीत कसरती करणाऱ्या एका पोरीच्या हाती येतो. गेम छोटा आहे, झुंजीत काही ठिकाणी अडखळतो, शेवटही घाईचा वाटतो. पण रचना नेमकी आहे. कथा रक्षाबंधनाच्या दिवशी सुरू होते, असुर चढाई करून येतात आणि धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. त्याला सोडवायला बहीण निघते.