झोपाळा आणि संगणक

ओटीवरचा झोपाळा लहान हेलकावा घेवो कीं मोठा, एका हेलकाव्यास वेळ सारखाच लागतो, असें आपण शाळेंत शिकतों. हा नियम सोयीचा आहे, पण पुरता खरा नाहीं. लंबक ६० अंशांपर्यंत नेऊन सोडला तर तोच वेळ सुमारें ७ टक्क्यांनीं वाढतो. लंबकास मागें ओढणारें बल कोनाच्या नव्हे, तर कोनाच्या भुजज्येच्या प्रमाणांत असतें. आणि कोन वाढूं लागला कीं भुजज्या मागें पडते. अशीं अरेखीय समीकरणें साध्या सूत्रांनीं सहसा सुटत नाहींत. तेथें संगणकाचें साह्य घ्यावें लागतें.

हें साह्य आज कडेगांवच्या विद्यार्थ्यालाहि घरबसल्या मिळूं शकतें, ही आनंदाची गोष्ट होय. सायलॅब हें गणिती सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, आणि मुंबईच्या आय. आय. टी.तील ‘स्पोकन ट्यूटोरियल’ उपक्रमानें त्याचे बोलते धडे तयार केले आहेत. त्यांतील एका धड्यांत साधा लंबक, व्हॅन डर पोल यांचें समीकरण आणि लोरेन्झ यांनीं १९६३ सालीं मांडलेली समीकरणें अशीं तीन उदाहरणें घेतलीं आहेत. ही निवड मार्मिक आहे. घर्षण नसलेला लंबक दिला तेवढाच झोका राखतो. व्हॅन डर पोल यांचा दोलक लहान झोका वाढवितो, मोठा आवरतो, आणि अखेर एकाच ठरलेल्या लयीस येतो. लोरेन्झ यांच्या समीकरणांत मात्र आरंभींचा केसाएवढा फरकहि दोन वाटांना पुढें फार दूर नेतो.

परंतु चित्र उमटलें म्हणजे उत्तर कळलें, असें नव्हे. संगणक काळाचीं लहान लहान पावलें टाकीत पुढें जातो. ऑयलर यांच्या अगदीं सोप्या रीतीनें हाच घर्षणरहित लंबक सोडविला, तर त्याचा झोका पडद्यावर आपोआप वाढत जातो! कोणीं ढकलल्यावांचून झोपाळा वाढेल कसा? सायलॅबची नेहमींची रीत याहून सावध आहे. ती चूक अजमावून पाऊल लहानमोठें करते. पण ही सोयच विद्यार्थ्याच्या मनांतील शंका मालवून टाकते. आज्ञा कशी लिहावी हें अशा धड्यांतून चांगलें समजतें. उत्तर कसें पारखावें, हें शिकविणें तितकेंच अगत्याचें आहे. ज्याच्या शेजारीं विचारावयास शिक्षक आहे, त्याचें एक वेळ निभावेल. एकट्यानें पडद्यासमोर बसणाऱ्यानें काय करावें?

कडेगांव मोहरमांतील उंच ताबुतांसाठीं प्रसिद्ध आहे. बांबूचा एवढा उंच सांगाडा उचलला म्हणजे जाणत्याची नजर शेंड्याच्या डुलण्यावर खिळते. नुसत्या शोभेवर ती रमत नाहीं. पडद्यावरील वक्राकडेहि तशाच नजरेनें पाहावें. लंबकाची एकूण ऊर्जा क्षणोक्षणीं काढावी, पाऊल निम्मे करून उत्तर बदलतें का तें पाहावें, आणि मग घड्याळ घेऊन खऱ्या झोपाळ्याचे हेलकावे मोजावे. एवढी एक पुरवणी धड्याला जोडली, तर विद्यार्थी संगणकाचा नुसता प्रेक्षक न राहतां त्याचा परीक्षक होईल.