शाहिराचा आवाज, लेकीची लेखणी

शाहिराविषयी लिहिताना समीक्षकाची एक अडचण होते. कवीची कविता पुस्तकात राहते. शाहिराचे कवन मात्र सभेत जन्मते आणि सभा उठली की त्याचा निम्मा प्राण निघून जातो. अमर शेख यांचे ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे संग्रह वाचताना हे प्रकर्षाने जाणवते. शब्द समोर असतात, डफ नसतो.

बार्शी येथे १९१६ साली जन्मलेल्या मेहबूब हुसेन पटेल यांनी अमर शेख हे नाव धारण केले. अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासमवेत त्यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजाने मैदाने भारून टाकली. १९६९ साली अपघातात ते गेले, तेव्हा त्यांची कन्या मल्लिका अवघी बारा वर्षांची होती. शाहिरीसाठी घेतलेले ते नाव पुढे तिने आपल्या नावापुढे जसेच्या तसे लावले. घराण्याचे आडनाव मागे पडले, गायकाचे नाव आडनाव झाले.

मल्लिका अमर शेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) या आत्मकथनाची चर्चा बहुतेक त्यातील वैवाहिक जीवनाभोवतीच फिरत राहिली. ते स्वाभाविक असले तरी त्यामुळे वडिलांच्या घराची पाने घाईने उलटली गेली, असे मला वाटते. वस्तुतः पुढच्या दुःखाचे मोजमाप त्या घरावरूनच होते.

येथे एक साधा हिशेब कोणी फारसा मांडत नाही. लेकीचा जन्म १९५७चा, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. म्हणजे वडिलांचा आवाज ज्या सभांनी अजरामर केला, त्या तिला आठवणे शक्यच नव्हते. तिच्या स्वतःच्या स्मृतीत आहेत ती लढा ओसरल्यानंतरची वर्षे. म्हणून ‘सूर एका वादळाचा’ हे वडिलांवरील पुस्तक लिहिताना, त्या ऐन बहराच्या काळापुरती तरी, तीही आपल्यासारखीच इतरांच्या आठवणींवर विसंबलेली आहे. लेकीचे पुस्तक म्हणून आपण त्याला साक्षीचा मान देतो; तो घरातल्या माणसापुरता खरा, व्यासपीठावरच्या शाहिरापुरता नव्हे. यात पुस्तकाचा उणेपणा नाही. आपल्या वाचनाचा मात्र आहे.

‘वाळूचा प्रियकर’ (१९७९) या तिच्या पहिल्या संग्रहातील कविता समूहाला हाक घालणारी नाही, ती एकटीची आहे. काहींना हा वारसा सोडल्यासारखा वाटतो. मला तसे वाटत नाही. डफ हाती न घेण्याचा तिचा निर्णय मला अधिक प्रामाणिक वाटतो. नक्कल करणारे पुष्कळ असतात.

थोडे घरचे. माझी आई वसईकडच्या लग्नांत मांडवाखाली गाणी म्हणत असे. तिच्यामागे आम्ही भावंडांनी मोठ्या भक्तिभावाने ती वहीत उतरवून काढली. शब्द सगळे जुळले. चाल मात्र प्रत्येकाची वेगळी निघाली, आणि कोणाची बरोबर हे सांगणारे घरात कोणी उरले नव्हते. अमर शेखांचा ‘प्रपंच’ (१९६१) चित्रपट तरी मागे राहिला. पडद्यावर ते बोलतात, वावरतात. आमच्याकडे वही आहे.