धरणे, पकडणे, कवटाळणे

हाताने वस्तू धरण्याच्या क्रियेसाठी इंग्रजीत ‘होल्ड’, ‘ग्रिप’, ‘ग्रास्प’, ‘क्लच’, ‘ग्रॅब’ असे अनेक शब्द आहेत. मराठी अनुवादात त्या सर्वांच्या वाट्याला बहुधा ‘घट्ट पकडणे’ हा एकच प्रयोग येतो आणि त्याचे खापर मराठीच्या शब्ददारिद्र्यावर फोडले जाते. हा आरोप तपासून पाहण्याजोगा आहे.

२००४ साली प्रवाशांसाठी खुल्या झालेल्या ठाणे-वाशी मार्गावर, कोपरखैरणे स्थानकात गर्दीच्या लोकलमध्ये चढणारी एखादी स्त्री कल्पावी. इंग्रजी निवेदक तिच्या पिशवीसाठी ‘क्लच’, दांड्यासाठी ‘ग्रिप’ आणि जागेसाठी ‘ग्रॅब’ योजील. ‘क्लच’मध्ये भय आहे, ‘ग्रिप’मध्ये बळ, तर ‘ग्रॅब’मध्ये घाई आणि थोडा उद्धटपणाही. कर्त्याची मनःस्थिती क्रियापदातच मुरलेली असते. तिन्ही ठिकाणी ‘पकडणे’ योजणारा अनुवादक क्रिया सांगतो, पण ती स्त्री त्याच्या हातून निसटते. मराठीची प्रकृती जाणणारा मात्र लिहील : तिने पिशवी उराशी धरली, दांडा मुठीत आवळला, जागा पटकावली. पहिल्या वाक्यातील भय ‘धरली’मध्ये नाही, ‘उराशी’मध्ये आहे. ‘पोटाशी’, ‘कवेत’, ‘चिमटीत’, ‘ओंजळीत’ ही पदेही असेच काम करतात. जेथे इंग्रजी क्रियापद बदलते, तेथे मराठी पुष्कळदा शरीराचे स्थान बदलते. सोस्यूरच्या परिभाषेत बोलायचे तर येथे शब्दाचे मूल्य शेजारच्या पदांवरून ठरते. प्रतिशब्द पदबंधात शोधावा लागतो.

‘क्लच’ला ‘कवटाळणे’ हा तयार पर्याय सुचतो, परंतु तो फसवा आहे. कवटाळण्यात ओढ आहे; माणूस लेकराला कवटाळतो, मृत्यूलाही कवटाळतो. ‘क्लच’मागे नखे आहेत, पंजा आहे. म्हणूनच त्याच्या अनेकवचनी नामरूपासाठी मराठीला ‘तावडी’, ‘कचाटा’ किंवा ‘विळखा’ यांकडे वळावे लागते. ‘ग्रास्प’ बुद्धीच्या प्रांतात शिरला की संस्कृतातून आलेले ‘ग्रहण’ उपयोगी पडते. तेथेही मूळ अर्थ धरण्याचाच.

उलट दिशेची अडचण क्वचितच चर्चिली जाते. मराठीत धीर, हट्ट, अबोला, तग हे सारे ‘धरले’ जाते. त्यांतले काहीच ‘पकडता’ येत नाही. धरण्यात टिकणे आहे, पकडण्यात निसटू पाहणाऱ्याला अडवणे. मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेतात, खिसेकापूचा हात पकडतात. ‘होल्ड’, ‘कॅच’ की ‘सीझ’, हा प्रश्न तेव्हा मराठीतून इंग्रजीत जाणाऱ्या अनुवादकापुढे उभा राहतो आणि कोशातील पहिली नोंद त्याच्या फारशी उपयोगी पडत नाही.