वानगी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सरावलीला आमच्या बिल्डिंगमध्ये राहणारा, कॉलेजात जाणारा एक मुलगा ओली छत्री दाराबाहेर ठेवून आत आला आणि हातातला फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "काका, दीडच मिनिट लागेल." त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी परीक्षेचा भाग म्हणून चौदा मिनिटांचा एक चित्रपट केला होता. त्या चित्रपटाचा हा ट्रेलर होता. मी पाहिला. कारखान्यांच्या धुराड्यांवरून कॅमेरा घारीसारखा फिरतो, भोंगा वाजतो, कोणी तरी धावते, एक बाई किंचाळते, पडदा काळा होतो, पुन्हा भोंगा. मग इंग्रजीत मोठाली अक्षरे, आणि या सगळ्याखाली छातीत धडकी भरवणारा ढोल. मी म्हणालो, "अपघातावर केलास वाटते चित्रपट?" तो गडबडला. "नाही काका, अपघात नाहीये त्यात."

मग मी सबंध चित्रपट पाहायला मागितला. किनाऱ्यावरच्या एका मांगेल्याच्या घरातली ती गोष्ट आहे. बापाची लहानशी होडी आहे. मुलगा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला जातो आणि दिवसा घरात झोपतो. चौदा मिनिटांत घडते एवढेच, की मुलाची झोपमोड होऊ नये म्हणून बाप आपले सगळे आयुष्य एकेक करून घराबाहेर नेतो. आधी रेडिओ, मग जाळे, मग जाळे दुरुस्त करायला येणारे दोन सोबती, आणि शेवटी स्वतःचा खोकला. खोकल्याची उबळ आली की तो उठून रेतीत जाऊन उभा राहतो. सगळे संवाद मांगेल्यांच्या बोलीत, आणि तेही मोजकेच. ट्रेलरमध्ये किंचाळणारी बाई मूळ चित्रपटात मासळी घेणारीला लांबून हाक मारते आहे. धावणारी पावले पावसात वाळवण उचलायला धावतात. भोंगा पाळी सुटल्याचा आहे.

तो चित्रपट मला आवडला. त्यात उणिवा आहेत. बापाच्या तोंडचे शेवटचे वाक्य नको होते, आणि एका ठिकाणी माशांच्या वाळवणीवर कॅमेरा उगाच रेंगाळतो. तरीही विशी-एकविशीतल्या मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेले काही तरी त्यात उतरले आहे, आणि ते विकत मिळत नाही. म्हणूनच त्या दीड मिनिटाचा राग आला. जे आपल्यापाशी होते ते लपवून, जे नव्हते त्याची त्यांनी दवंडी पिटली होती.

धान्याच्या बाजारात वानगी नावाची एक चीज असते. पोत्यातून मूठभर दाणे काढून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतात. ती मूठ पोत्यातलीच असली पाहिजे, एवढा एकच नियम. दुसऱ्या पोत्यातली मूठ दाखवली तर तिला वानगी म्हणत नाहीत. तिला बाजारात दुसरे नाव आहे. ट्रेलर वानगी आहे की दवंडी, हा प्रश्न धंद्याने आपल्यापुरता कधीच सोडवून टाकला आहे. पण विद्यार्थ्यांनी तो नव्याने विचारायला हवा. त्यांना तिकिटे विकायची नसतात, आणि म्हणून धंद्याच्या सबबीही त्यांच्यापाशी नसतात.

आपल्याकडच्या चित्रपटांच्या जाहिरातीत ही दुविधा पहिल्या दिवसापासून आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ च्या मे महिन्यात गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. पुढे सुरतेला तो नेला तेव्हा गल्ला जमेना, कारण तेवढ्याच पैशात रात्रभर नाटक पाहण्याची सवय असलेल्या माणसाला दीड तासात घरी पाठवणे हा व्यवहार परवडण्यासारखा वाटत नव्हता. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली ती प्रसिद्ध आहे: सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सगळे तीन आण्यांत. मला या जाहिरातीचे फार दिवस कौतुक वाटत असे. मग एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चित्रे बसतात. म्हणजे सत्तावन्न हजार चित्रांना सुमारे ३५६० फूट फिल्म लागते. आणि चित्रपटाची नोंदलेली लांबीही ३७०० फूट, तेव्हा पहिला आकडा जवळपास बसतो. मैल मात्र ५२८० फुटांचा. म्हणजे चित्राची लांबी पाऊण मैलसुद्धा भरत नाही! एकाच जाहिरातीत पहिले वाक्य वानगीचे आणि दुसरे दवंडीचे. फाळक्यांना हिशेब येत नव्हता असे कोण म्हणेल? पण गिऱ्हाईक दारातून परत जाऊ लागले की मैल लांबतो.

याच फाळक्यांनी त्याच्या आदल्या वर्षी केलेली एक लहानशी फिल्म मला या दृष्टीने फार मोलाची वाटते. लंडनहून कॅमेरा आणला होता, पैसे नव्हते, आणि ज्यांच्याकडून कर्ज मिळायचे त्यांना हे प्रकरण काय आहे ते कळत नव्हते. फाळक्यांनी दादरच्या घरी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठराविक अंतराने एकेक चित्र टिपत राहिले. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. कोंब वर आला, पाने फुटली, वेल चढला. ही 'अंकुराची वाढ' पाहून पैसे उभे राहिले. तीत हरिश्चंद्र नव्हता, तारामती नव्हती, स्मशान नव्हते. या माणसाला काय दाखवता येते, एवढेच तीत होते. विद्यार्थ्याच्या ट्रेलरचे काम याहून निराळे काय असते? त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही, त्याच्यापाशी नट नाहीत, गाणी नाहीत. पाहणाऱ्याला फक्त हे हवे असते की या मुलाला काही दिसते का, आणि दिसलेले दाखवता येते का.

ट्रेलर म्हणजे वचन की नव्हे, हा प्रश्न आपल्याकडे न्यायालयापर्यंतही गेला. 'फॅन' हा हिंदी चित्रपट २०१६ साली आला. त्याच्या जाहिरातीत वाजत असलेले गाणे चित्रपटात नाही म्हणून मराठवाड्यातल्या एका प्रेक्षकाने ग्राहक मंचाकडे तक्रार केली. जिल्हा मंचाने ती फेटाळली; राज्य आयोगाने दहा हजार रुपये भरपाई आणि पाच हजार खर्च देण्याचा हुकूम केला; राष्ट्रीय आयोगाने तो कायम ठेवला; आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायालयाचे म्हणणे असे की जाहिरातीचा ट्रेलर हा काही करार नव्हे, कराराचा प्रस्तावही नव्हे. कायद्याच्या दृष्टीने ते रास्तच असेल. पण त्या निकालावर हसणाऱ्यांत मी नाही, आणि तक्रारीवर हसणाऱ्यांत तर मुळीच नाही. लहान मुलांना गाणे ऐकवायला म्हणून थिएटरात नेले आणि गाणे आलेच नाही, तर घरी परतताना रिक्षात जे काही होते त्याचा निवाडा कोणत्याच खंडपीठापुढे होत नाही.

आमच्या पोरांचे प्रकरण याहून कठीण होते. त्यांचा चित्रपट बघणार ते बोईसर, सरावली, खैरापाडा, नवापूर इथले लोक. २०२० च्या जानेवारीत तारापूरच्या वसाहतीत एका कारखान्यात स्फोट झाला आणि माणसे दगावली. त्याचा आवाज कित्येक किलोमीटरवर पोचला होता. असे इथे एकदाच झालेले नाही. ज्याच्या घरचे माणूस पाळीवर आहे त्याला अवेळी भोंगा ऐकू आला तर त्याचा हात आधी फोनकडे जातो. अशा गावात भोंग्यावर ढोल चढवून, मागोमाग बाईची किंकाळी जोडून पडदा काळा करणे याला उत्कंठा वाढवणे म्हणत नाहीत. मी त्याला एवढेच विचारले, "हे तुझी आई बघेल तेव्हा तिला काय वाटेल?" त्याची आई एका कंपनीत पॅकिंगला जाते. तो काही बोलला नाही.

दोष एकट्या त्याचा नाही. ट्रेलर कसा कापायचा हे ही मुले ट्रेलर पाहूनच शिकतात, आणि जे पाहतात ते शंभर कोटींच्या चित्रपटांचे. तिथे दर दोन सेकंदांना तुकडा बदलतो, कारण दाखवायला ढीगभर माल असतो आणि नसलेल्या गोष्टीवरून नजर हलवायची असते. मी मोजले: मुलांच्या नव्वद सेकंदांत त्रेचाळीस तुकडे होते. चौदा मिनिटांच्या सबंध चित्रपटात एकसष्ट. म्हणजे चित्रपटाचा जो काही श्वास होता तोच ट्रेलरमधून गळला होता. बाप खोकला दाबून उठतो, दार न वाजवता उघडतो आणि रेतीत जातो, हा एक सलग तुकडा अकरा सेकंदांचा आहे. ट्रेलरमध्ये तो दाराच्या कडीवर अर्धा सेकंद आला होता, आणि कडीवर कोणी तरी येते आहे असा भास व्हावा म्हणून खाली ढोल!

नट नसतील, खर्च नसेल तर काय दाखवायचे, असे मुले विचारतात. ऑर्सन वेल्सने पंचविशीत 'सिटिझन केन' केला तेव्हा त्याचा जो ट्रेलर काढला त्यात मूळ चित्रपटातले जवळजवळ काहीच नाही. तो स्वतः दिसत नाही, नुसता आवाज येतो. आणि तो आवाज आपल्या नाटक कंपनीतली माणसे, जी हॉलिवुडात कोणाला ठाऊक नव्हती, एकेक करून ओळखीची करून देतो. आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. नांदीनंतर सूत्रधार येतो, नाटक कोणाचे, ऋतू कोणता, जमलेली मंडळी कोण ते नटीशी बोलत बोलत सांगतो, आणि कथानकाचा शेवट न फोडता नाटकात शिरून नाहीसा होतो. किंकाळी फोडणारा सूत्रधार मी अजून पाहिलेला नाही.

ट्रेलरपाठोपाठ पोस्टर आले. मुलांनी ते बोईसरच्या फ्लेक्सच्या दुकानात छापून आणले होते, आणि दुकानदाराने आपल्या सवयीने त्याला पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे रूप दिले होते. मध्ये मोठा चेहरा, खाली गोलात लहान लहान चेहरे, वर सोनेरी अक्षरे. त्याच्या वरच्या तिसऱ्या भागात पानांच्या जुडग्यात गुंफलेली पाच महोत्सवांची नावे. त्यांतले दोन महोत्सव प्रवेशशुल्क भरणाऱ्या प्रत्येकाला ती पाने देतात हे मुलांनीच हसत सांगितले. मग ती छापलीत कशाला? "सगळे छापतात." आणि चारी बाजूंनी वारली चित्रांची किनार, तारप्याभोवतीच्या फेरासकट. मांगेल्याच्या घरातल्या गोष्टीला वारली किनार कशाला, तर आपण पालघर जिल्ह्यातले म्हणून! वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक सुवासिनी तांदळाच्या पिठाने लिहितात, त्यात पालघट देवी बसते, आणि तिच्याशिवाय लग्न लागत नाही. त्या चित्राला जागा आहे, वेळ आहे, काम आहे. टॅक्सीच्या काचेपासून लग्नपत्रिकेपर्यंत आपण त्याची नुसती किनार केली. जिल्ह्यातल्या मुलांनी तरी ती करू नये.

पोस्टर ही मागाहून चिकटवायची गोष्ट नव्हे, हे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांना शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होते. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा हा धनी मूळचा चित्रकार. नाटकांचे पडदे रंगवलेला हात. 'सैरंध्री' १९२० साली आला. त्यांच्या चित्रपटांचे देखावे, वेष आणि पोस्टरे एकाच हातातून उतरत. देखावा आधी कागदावर यायचा, मग कॅमेऱ्यापुढे, आणि पुन्हा भिंतीवर. त्यामुळे भिंतीवरचे चित्र चित्रपटाच्या घरातलेच असे. आज विद्यार्थ्यांच्या गटात दिग्दर्शक, संकलक आणि पोस्टर करणारा बहुधा एकच मुलगा असतो. ही गरिबी नाही; पेंटरांची पद्धत आयती हाती आली आहे. पण चित्रण चालू असताना निवांत स्थिरचित्रे काढायला कोणालाच सुचत नाही, मग शेवटच्या रात्री चित्रपटातली एखादी हललेली चौकट थांबवून तीच फुगवतात.

नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' २००९ मधला, अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) त्यांच्या शिकण्याच्या दिवसांतला लघुपट. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो काही किनारीमुळे नव्हे. हे मी मुलांना सांगितले तेव्हा त्यांना ते ठाऊकच होते. ठाऊक असणे आणि आपल्या कामाला लावणे यांत मात्र बरेच अंतर पडते.

"काका, पण असा शांत ट्रेलर केला तर कोणी थांबून बघणारच नाही," असे तो मुलगा त्या दिवशी जाताना म्हणाला. त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. अंगठ्याने सरकवायच्या पडद्यावर अकरा सेकंद फार असतात, आणि माझ्यासारख्या रिकाम्या माणसाच्या सवडीवरून जगाची सवड मोजता येत नाही.

आठ दिवसांनी त्याने दुसरा ट्रेलर आणला, पन्नास सेकंदांचा. रेडिओ चालू आहे. एक हात येऊन तो बंद करतो. जाळे ओढत बाहेर नेल्याचा आवाज. मग तो अकरा सेकंदांचा तुकडा, पुरता. खोकला ऐकू येतो तो दूरवरून, समुद्राच्या आवाजात मिसळलेला. नाव मराठीत, चौघांपैकी एकाच्या हस्ताक्षरात. भोंगा गेला, किंकाळी गेली. पोस्टरवर आता फक्त दाराबाहेर ठेवलेला रेडिओ आहे. पाने दोनच उरली आहेत, तीही कोपऱ्यात. ढोल मात्र त्याने शेवटच्या तीन सेकंदांना ठेवलाच आहे. मित्र ऐकेनात म्हणाला. मला तो अजून खटकतो.