अस्वलाचे बिऱ्हाड

कथेतल्या प्राण्याने माणसासारखे बोलावे, याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्याला बेघर करण्याला. आपल्या बालवाङ्मयातले अस्वल राहते कुठे, तर 'जंगलात'. खाते काय, तर 'मध'. पुष्कळदा ते हिवाळाभर झोपी जाते! ही झोप बर्फाच्या मुलखातून भाषांतराबरोबर आली. आपले काळे अस्वल बारा महिने जागे असते.

सूरजागडकडच्या पोराला ही झोपेची गोष्ट सांगा, ते हसेल. त्याचे अस्वल लांब नखांनी वारूळ फोडते, फुंकरीने माती उडवते आणि वाळवी ओढून घेते. त्यासाठी निसर्गाने त्याला वरचे मधले दोन दातच दिलेले नाहीत. ती ओढ दूरवर ऐकू येते. आई पिलांना पाठीवर घेऊन हिंडते. परीकथेला याहून अद्भुत काय हवे? जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १७९१ साली या नखांवरून अस्वलाला अमेरिकेतल्या, झाडाला उलट्या लटकणाऱ्या प्राण्याच्या गोतात बसवले होते. तीही एक परीकथाच म्हणायची!

किपलिंगचा बलू (१८९४) सिवनीच्या रानातला, म्हणजे आमच्या शेजारचा. तो मास्तर आहे, म्हणून व्यवसायबंधू या नात्याने मला प्रिय. पण किपलिंगने त्याला तपकिरी केले आणि कंदमुळे, फळे नि मधावर ठेवले, वारूळ विसरला.

याच्या उलट भागवतातला जांबवान पाहा. तो गुहेत राहतो. स्यमंतक मणी त्याने लेकराला खेळायला दिला आहे, आणि गुहेत शिरलेल्या कृष्णाशी तो अठ्ठावीस दिवस झुंजतो. देव आहे की माणूस, हे तो आधी विचारत बसत नाही. घरात पोर असताना परका आत आला, एवढे त्याला पुरते. हे लिहिणाऱ्याला अस्वल ठाऊक होते.

दोन मित्रांच्या इसापकथेविषयी मात्र मला गंभीरपणे बोलावेसे वाटते, कारण ती आम्ही वर्गात शिकवतो. मार्च-एप्रिलात पहाटे बायकापोरे मोहाची फुले वेचायला जातात. त्याच झाडाखाली अस्वलही येते. त्याची नजर अधू. माणूस अगदी जवळ आला की ते दचकते आणि तोंडा-डोक्यावर झडप घालते. इसापाचे अस्वल मेलेल्याला शिवत नाही. आमचे प्रसंगी मढेही खाते. पळू नये, हळूहळू मागे सरावे. अंगावर आलेच तर पालथे पडून मान हातांनी झाकावी, यातले काहीच ती गोष्ट सांगत नाही. तिला तात्पर्याची घाई.

व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर'मध्ये वानरांना त्यांचा मुलूख दिला, आणि साहित्य अकादमीने १९८३ साली त्या कादंबरीचा गौरव केला. अस्वलाला असा लेखक अजून भेटायचा आहे. सूरजागडचा डोंगर माडियांच्या ठाकूरदेवाचा. आज तिथे लोहखनिजाची खाण चालते. कपारीतून उठून अस्वल जाते कुठे, हे विचारणारी एकही मराठी गोष्ट माझ्या वाचनात नाही.