पिंगच्या चार ओळी

वायरचं नेट बंद पडलं की बहुतेक जण आधी राउटर बंद-चालू करतात. जाणकार मात्र कमांडची काळी खिडकी उघडतो, पिंग टाइप करून राउटरचा पत्ता देतो आणि येणाऱ्या चार ओळी सावकाश वाचतो. इतकं काटकसरीचं गद्य कॉम्प्युटरच्या दुनियेत मला तरी दुसरं ठाऊक नाही.

पिंग हा प्रोग्राम माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये एका संध्याकाळी लिहिला. मेरिलँडमधल्या अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत ते कामाला होते. नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणून हा खटाटोप. गंमत म्हणजे प्रोग्राम तयार होईपर्यंत मूळ बिघाड दुरुस्तही झाला होता. कल्पना पाणबुड्यांच्या 'सोनार' यंत्रणेवरून सुचलेली : हाक मारायची आणि प्रतिध्वनी किती वेळात येतो ते मोजायचं.

विंडोजवर ओळ उमटते ती अशी : 'रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.१', मग ३२ बाइट, मग वेळ, १ मिलिसेकंदाहून कमी. त्या ३२ बाइटांत असतं काय? इंग्रजी मुळाक्षरं, ए ते डब्ल्यू, आणि जागा उरते म्हणून पुन्हा ए ते आय. गिरवलेली पाटी राउटरकडे धाडायची, त्याने ती जशीच्या तशी परत करायची.

खरी लज्जत नकारांत आहे. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे वेळेत उत्तर आलं नाही, एवढंच. हाक वाटेत हरवली की पलीकडच्या फायरवॉलने मुद्दाम मौन धरलं, ते ही ओळ सांगत नाही. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' वरवर तशीच वाटते. पण तिच्याआधी 'रिप्लाय फ्रॉम' असतं, आणि तिथला पत्ता नीट बघा. राउटरला हाक मारली होती ना? मग हा पत्ता आपल्याच कॉम्प्युटरचा कसा? कारण लॅनवर, म्हणजे आपल्या स्थानिक नेटवर्कवर, 'हा पत्ता कुणाचा?' अशी चौकशी झाली, कुणी ओ दिली नाही, आणि आपलंच मशीन आपल्याला तसं कळवतंय. कडी म्हणजे विंडोज हे घरचं उत्तरही 'मिळालं' म्हणूनच मोजतं. खाली हिशेब शून्य टक्के लॉसचा, आणि नेट ठार बंद! नुसती शेवटची बेरीज वाचणारा इथे हमखास फसतो.

रिप्लाय, रिप्लाय, टाइम्ड आउट, पुन्हा रिप्लाय अशी लय दिसली, की मी आधी केबलवर संशय घेतो. केबलच्या टोकाच्या आरजे-४५ प्लगची क्लिप तुटलेली असते, टेबलाला धक्का लागला की पोर्टचा दिवा विझतो. यावरचा फर्मास किस्सा खुद्द म्यूस यांनीच नोंदवलाय. अशाच लहरी नेटवर्कने वैतागलेल्या एका अ‍ॅडमिनने पिंगची उत्तरं आवाजात बदलून ऑफिसच्या स्टिरिओला जोडली. सेकंदाला एक 'पिंग', कान किटतील एवढ्या आवाजात. मग इमारतभर फिरत तो एकेक कनेक्टर हलवत गेला. आवाज थांबला, तिथे दोष.

एक उणीव मात्र सांगायलाच हवी. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात; एखादी तुटली की जोडणी बऱ्याचदा गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते, कारण तिथे दोन पुरतात. मोठी फाइल कॉपी व्हायला दहापट वेळ लागू लागतो, पिंग मात्र खुशाल : १ मिलिसेकंदाहून कमी, लॉस शून्य. तिथे अडॅप्टरच्या स्टेटसमधला स्पीडचा आकडाच बघावा लागतो.