पत्रिकेतली भरती

लग्नपत्रिका हाती आली की आपली नजर आधी नावांवरून फिरते, मग कार्यालयाच्या पत्त्यावर जाते, आणि तारीख फोनमध्ये टिपून झाली की कागद बाजूला पडतो. 'शके', 'शुद्ध', 'वद्य' ही अक्षरे आपण सवयीनेच ओलांडतो. खाडीकाठच्या न्हावे गावची ही जुनी पत्रिका मात्र नेमकी त्याच ओळीपाशी थांबून वाचावी अशी आहे. चारी कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटे. कुंकू आता तपकिरी झाले आहे, हळदीने मात्र कागदाच्या धाग्याधाग्यांत वस्ती केली आहे. वर 'एकवीरा आई प्रसन्न', आणि त्याखाली : वैशाख शुद्ध तृतीया, शके १९११, गोरज मुहूर्त.

अक्षय्य तृतीया! साडेतीन मुहूर्तांतला दिवस, म्हणजे जोशीबुवांना डोके खाजवावे लागले नसणार. पण खाडीकाठचा माणूस तिथी ऐकतो ती पाण्यासाठीही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने हाती लागते : अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा आणि तृतीयेला सव्वादोन. समोरच्या घारापुरीच्या पाहुण्याने ही एक ओळ वाचली की त्याचा सारा प्रवास ठरला. अमावास्येचे उधाण अजून पुरते ओसरलेले नाही, तेव्हा दुपारी होडी पार काठाशी लागेल, लुगड्यांच्या काठांना चिखल शिवणार नाही, आणि उन्हे उतरता उतरता अक्षता मुठीत येतील. जेवणे आटोपतात तो साडेआठच्या सुमाराला पाणी दूर गेलेले, काळा चिखल उघडा पडलेला. परतीचे नावच नको, मुक्काम न्हाव्यालाच! 'हेच आग्रहाचे निमंत्रण' हे शब्द छापखान्यातले. खरा आग्रह त्या तृतीयेने केला आहे. हे कुणी योजून केले असेल असे मी म्हणणार नाही, पण रसिकाने एवढा लोभ धरायला हरकत नसावी.

'आदल्या रात्री हळद' या तीन शब्दांना वेगळी चौकट आहे. आगरी-कोळी घरांत हळद हा लग्नाचा निव्वळ पूर्वरंग नव्हे. कित्येकांच्या लेखी तेच लग्न, आणि मांडवात धवलारणीने धवले, म्हणजे लग्नगीते, धरली की मग मुहूर्त सांगायला वेगळे कुणी लागत नाही.

मग सर्वांत खाली, बारीक ठशात, चिमुकल्यांची ओळ : 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' छापील, ठरीव, गावोगावी सारखीच, असे म्हणून आपण ती सोडून देतो. पण त्या 'हं'वर क्षणभर कान ठेवा. वरचा सगळा मजकूर 'श्रीकृपेकरून' आणि 'शरीरसंबंध' अशा भरजरी शब्दांत ताठ उभा. त्यात हा एकच उच्चार असा, की जो वाचताना ऐकूच येतो. कुणीतरी आपले बोट धरून खाली ओढते आहे, आणि मान वर करून उत्तराची वाट पाहते आहे.

शके १९११ चा तो वैशाख म्हणजे १९८९ चा मे. त्याच महिन्याच्या २६ तारखेला शेजारी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, आणि ज्या पाण्यावर पाहुणे येत त्यावर पुढे कंटेनरची जहाजे आली. परवा त्याच घरातून निमंत्रण आले ते फोनवर, चित्रफितीच्या रूपाने. मागे १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला अटल सेतू, दूरवर पुसट होत गेलेला. पुढे वधूवर वाकून काठीने ओल्या चिखलात तारखेचे आकडे काढताहेत. आकड्यांत पाणी शिरते, आधी शून्ये भरतात, मग एकाची रेघ विरते, आणि पडद्यावर राहते नुसती चकाकी. मला ती कल्पना मनापासून आवडली. तारीख सांगायची आणि ती खाडीच्या हवाली करायची, यात मोठा डौल आहे.

घरातल्या आजीने चित्रफीत दोनदा लावायला सांगितली. पाणी कुठवर चढले ते डोळे बारीक करून पाहिले, आणि विचारले, "पन तिथ कंची?"